उष्टी रोटी

सापारनं रोटी चावली नाही, तिथंच आम्हाला कळायला पाहिजे होतं.

चांगलं उजाडलं होतं. अंगणात दव गोठून पांढरं पडलेलं. आमच्या भाडेकरूची, सापारची बायको गुलजान दाराशी उभी, बाळ शालीत बांधून छातीला घेतलेलं, डोळे रडून सुजलेले. तिचा बाप गेल्याचा फोन आला होता खोरेझमवरून. खोरेझम म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मधे सगळं वाळवंट. सापार दोन पिशव्या घेऊन फाटकात. एक पाय आत, एक बाहेर.

आईनं खास तंदूर पेटवला होता. गरम रोटी दोन्ही हातांवर घेऊन ती आली आणि गुलजानच्या तोंडापुढं धरली.

"चाव."

गुलजाननं कडेला नुसते दात लावले.

"अगं, उंदीर कुरतडतो तशी काय कुरतडतेस? वाट लांबची आहे. मोठा घास घे."

गुलजाननं घास घेतला. घास तोंडात आणि रडू पण तोंडात. आईनं तिचे गाल पुसले, मग रोटी सापारकडं फिरवली. "तू पण चाव, बाळा."

"नको ओयी. दाढ दुखतेय." आमच्यासारखाच तो पण आईला ओयी म्हणायचा.

"मग दुसऱ्या बाजूनं चाव."

"दोन्ही बाजूंनी दुखतेय."

माझी धाकटी बहीण ओयदिन फिसकन हसली. आईनं तिच्याकडं असं बघितलं की हसू जागच्या जागी विझलं. मयताला निघालेल्यांसमोर हसतात का.

आमच्याकडं लांब निघालेला माणूस रोटी चावून जातो. उरलेली त्याची. ती भिंतीला टांगून ठेवायची, कुणी शिवायचं नाही. तो परत येतो आणि स्वतःची उष्टी रोटी स्वतःच खातो. माझा आजोबा लढाईवर जाताना चावून गेला होता. परत आला तेव्हा रोटी दगड झाली होती. त्यानं ती हातोडीनं फोडली, चहात भिजवली आणि एक कण पण कुणाला दिला नाही. ही गोष्ट आईनं आम्हाला इतक्यांदा सांगितली आहे की ती हातोडी मी बघितल्यासारखी वाटते.

गाडी हॉर्न मारत होती. ओयदिननं मला कोपरानं ढोसलं. "आका, लाईट बिल."

"गप."

"गप काय? थंडी लागल्यापासून जाळलीय त्यांनी. विचार की."

आईनं ऐकलं. दात न उघडता म्हणाली, "वाटेला लागलेल्याला मागतात? बाप गेलाय तिचा."

मग कोण मागतंय. मी त्यांच्या पिशव्या गाडीत ठेवल्या. खोलीला कुलूप होतं, किल्ली सापारच्या खिशात. गाडी कालव्याच्या पुलावरून दिसेनाशी झाली. ओयदिननं सवयीनं झाडू उचलला, तर आई धावली.

"ठेव तो! जाणाऱ्याच्या मागं झाडतेस? वाट पुसून टाकशील त्यांची."

रोटी स्वयंपाकघरात खुंटीवर गेली. अंगण त्या दिवशी तसंच राहिलं.

सापार नव्या सूतगिरणीच्या बांधकामावर फरशी बसवायचा. वसंतात आला होता, बायको पोटुशी. अंगणाच्या पलीकडची खोली आम्ही त्यांना दिली. कागद वगैरे काही केला नाही. आमच्या तेरकबुलाक गावात कोण करतं? कागद केला की कर भरा. भाडं ते थोडंथोडं द्यायचे. लाईट बिलाचं म्हटलं की सापार म्हणायचा, "ठेकेदार देऊ दे ओयी, तुमच्या ओंजळीत ओततो." आई म्हणायची, "सावकाश." बाळंतपण पण आईनंच केलं. गुलजानला तेव्हापासून ती 'माझी धाकटी' म्हणायची. ओयदिनला हे अजिबात खपायचं नाही.

सापार गेल्यावर मला भाड्याची फिकीर नव्हती. फिकीर होती खड्ड्याची.

आमचं पोट खड्ड्यावर आहे. घरामागं पुरुषभर खोल, लांबच लांब खड्डा, वरून लाकडी सांगाडा आणि त्यावर प्लास्टिकचा जाड कागद. आत लिंबाची झाडं. बाहेर बर्फ असला तरी आत उतरलं की चष्मेवाल्याचा चष्मा पांढरा होतो. वडील रशियात बरीच वर्षं सिमेंटची पोती वाहत होते. कंबर गेली तेव्हा परत आले, आणि होतं नव्हतं ते या खड्ड्यात घातलं. रोपं मांडीवर घेऊन बसनं आले होते. खड्डा खणताना मला म्हणाले होते, "एर्गाश, हा एवढ्यासाठी की तुला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागू नये." वडील गेले, खड्डा राहिला. गावातली माझ्या वयाची पोरं रशियात आहेत. मी नाही. तो खड्डा आहे म्हणून नाही.

हिवाळ्यात काम म्हणजे सारखं वर-खाली. दुपारी ऊन असेल तेवढ्या वेळात एक बाजू उघडायची, कोंडलेली वाफ बाहेर सोडायची. ऊन उतरायच्या आत बंद. वर चटया पसरायच्या, चटयांवर दगड. कागदाला आतून पाणी धरतं ते फडक्यानं पुसायचं, नाहीतर ते ठिबकून पानं जळतात. हात ओले, पाठ वाकडी, मान वर. आणि चिल्ला लागला, म्हणजे ऐन थंडीचे दिवस आले, की आत लाईटचा हीटर. गॅस आमच्याकडं हिवाळ्यात नळीत असतो, शेगडीत नसतो. लाईट आहे म्हणून लिंबं आहेत.

मयताला गेलेली माणसं आठवड्यात येतात. ती आली नाहीत. सापारचा फोन बंद. मग एकदा गुलजाननं उचलला. आम्ही तिघं निखाऱ्यांवरच्या चौरंगाला बसलो होतो, रजईखाली पाय घालून. आईनं फोन दोन्ही हातांनी धरला, रोटी धरली होती तसा.

"गुलजान! अगं बाळ कसं आहे? दूध येतंय ना? तिकडं वारं फार असतं म्हणे, कान बांधत जा त्याचे. आई कशी आहे तुझी? रडू दे तिला, अडवू नकोस."

ओयदिन बोटांनी मीटर फिरल्यासारखं करत होती. आईनं तोंड फिरवलं.

"कधी येतेस? तुझी रोटी आहे हो इथं. मी रोज बघते."

पलीकडून काहीच नाही. मग, "ओयीजान..." एवढंच. आणि फोन बंद.

"रेंज गेली," आई म्हणाली.

"हो ना," ओयदिन म्हणाली, "रेंज पण मयताला गेली."

"तुझ्या जिभेला चटका दिला पाहिजे."

"द्या की. लाईट आहे तोवर देऊन घ्या."

मी हसलो. तेव्हा हसायला येत होतं.

मग बर्फ पडला. रात्रभर पडला. सकाळी मी खड्ड्यावरचा बर्फ फावड्यानं ओढत होतो. लाकडाचं रुंद फावडं, हलक्या हातानं ओढावं लागतं, कागद फाटला तर संपलं. ओयदिन चहा घेऊन आली आणि पेला हातात धरून तशीच उभी राहिली.

"आका, त्यांच्या छपराकडं बघ."

आमच्या घरावर वीतभर बर्फ. शेजारच्या गफूर आकाच्या घरावर, गोठ्यावर, भिंतीवर, उभ्या केलेल्या खाटेवर सुद्धा बर्फ. सापारच्या खोलीचा पत्रा स्वच्छ. काळा, ओला. कडेनं पाणी गळतंय आणि खाली गोठून हातभर लांब दात लटकलेत.

आम्ही दोघं त्या दाराशी गेलो. दाराला हात लावला. लाकूड कोमट होतं.

आत हीटर चालू होता. ती गेली त्या सकाळपासून.

खिडकीला आतून पडदा, बाहेरून जाळी. बोर्ड आत. मी तार तोडली असती, पण खड्ड्याची तार त्याच बोर्डावरून गेलेली. वडिलांनी ओढली तेव्हा ती खोली अवजारांची होती. मी गोठ्यातून पहार आणली. कोयंड्यात घातली. तेवढ्यात आई माझ्या आणि दाराच्या मधे आली. पायात चपला पण नाहीत, नुसते मोजे, बर्फात.

"काढ ती पहार."

"ओयी, आत हीटर जळतोय. बिल कुठं गेलं असेल तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय."

"मग सरका."

"तिची रोटी भिंतीवर आहे. ती जिवंत वाटेवर आहे. तिच्या दाराचं कुलूप तोडायचं म्हणजे तिला मेली म्हणायचं. तुझ्या आजीनं लढाईच्या वर्षांत आजोबाची पेटी उघडली नव्हती. उपाशी होती, तरी."

"आजोबा हीटर चालू ठेवून नव्हते गेले," ओयदिन म्हणाली.

आई तिच्याशी बोललीच नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "आजचा दिवस थांब. मी परत फोन लावते. किल्ली बसवाल्याच्या हातानं पाठव म्हणते."

तिचे मोजे भिजून पायाला चिकटले होते. मी पहार काढली. आजचा दिवस, म्हटलं.

दुपारी वायरमन आला.

हामिदुल्ला आमच्याच गावचा, कालव्यापलीकडचा. वडिलांबरोबर शाळेत होता. खांद्यावर लोखंडी आकडे, खांबावर चढायचे. फाटकातूनच म्हणाला, "वहिनी, मला शिव्या देऊ नका. लाईट तोडायची यादी वरून येते."

"आत ये, चहा घे," आई म्हणाली.

"आधी काम करतो, मग चहा."

"काम केल्यावर चहा तुझ्या घशाखाली उतरणार नाही. आधी ये."

तो आला. चौरंगाला बसला, पाय रजईखाली घातले. आईनं रोटी मोडली, किसमिस ठेवली आणि चहात आमच्या खड्ड्यातलं लिंबू कापून टाकलं. तो फुर्र करून प्याला.

"काय वास आहे. बाजारात असलं मिळत नाही."

"हामिदुल्ला आका," मी म्हटलं, "लाईट गेली तर पुढच्या वर्षी हे पण मिळणार नाही. थंडी वाढणार म्हणतात."

"मला ठाऊक नाही का? पण तुमच्या मीटरचा आकडा बघितलास? मला वाटलं तुम्ही घरात सूतगिरणीच काढली."

"भाडेकरूचं आहे ते."

"मीटरला भाडेकरू कळत नाही, एर्गाश. मीटरला मालक कळतो." मग आवाज बारीक करून म्हणाला, "आणि तो सापार येत नाही बरं का. तुम्ही उगाच डोळे लावून बसलात. गिरणीचा ठेकेदार पळाला, सगळ्या फरशीवाल्यांचे बुडवून. दुकानदाराचं पण देणं ठेवून गेलाय सापार. अर्धं गाव शोधतंय त्याला."

आई चहाच्या पेल्यात बघत होती. "तिचा बाप खरंच गेला," ती म्हणाली. "ते रडणं खोटं नव्हतं."

"मी कुठं नाही म्हणतो."

"आणि ती चावून गेलीय."

हामिदुल्लानं माझ्याकडं बघितलं. मी बघितलं नाही. तो उठला, आकडे पायाला बांधले, खांबावर चढला. वर वाऱ्यानं त्याचा कोट फडफडत होता. तार खाली पडली, बर्फात नुसती एक रेघ उमटली. खाली आल्यावर म्हणाला, "शेजाऱ्याकडून ओढू नका हं. बघितलं तर मला त्याची पण कापावी लागेल. गफूरला आधीच सांगून आलोय." जाताना आईनं त्याच्या खिशात चार लिंबं घातली. त्यानं नको म्हटलं नाही.

पलीकडच्या छपरावरून ठिबकणारं पाणी तासाभरात थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी शहरात गेलो, लाईट ऑफिसात. जवळ जे होतं ते घेऊन गेलो. निम्मं पण नव्हतं. रांग दारापर्यंत. काचेच्या खिडकीला बोलायला एक अर्धगोल भोक, आणि ते इतकं खाली की बोलायचं तर वाकून बोलावं लागतं. आत बाई उंच खुर्चीवर. ती दिसत नाही, तिची अंगठी दिसते.

"मीटर कुणाच्या नावावर?"

"वडिलांच्या."

"मग त्यांना पाठव."

"ते वारले."

"कधी?"

"झाली काही वर्षं."

"म्हणजे मेलेला माणूस लाईट जाळतोय होय?"

मागं कुणीतरी हसलं. मी अजून खाली वाकलो.

"भाडेकरूनं जाळली, ओपा. पळून गेला. मी आहे तेवढं आत्ता भरतो, राहिलेलं हप्त्यानं. नुसती तार जोडून द्या. खड्ड्यात लिंबं आहेत."

"ओपा कुणाला म्हणतोस? मी तुझी बहीण आहे का? कुठला भाडेकरू? करार दाखव."

"करार नाही."

"भाड्यावरचा कर भरला?"

अंगठी टेबलावर टकटक वाजली.

"हे मी ऐकलं नाही असं समजते. नाहीतर तुला दुसऱ्या खिडकीत पाठवावं लागेल, ती दंडाची आहे. हप्ते फक्त मालकाला मिळतात. आधी मीटर तुझ्या नावावर करून आण."

"ते कुठं होतं?"

"वरच्या मजल्यावर. पण साहेब सुट्टीवर आहेत."

"कधी येतील?"

"थंडी कमी झाली की. पुढं कोण आहे?"

पाठ सरळ करताना कंबरेतून कळ गेली. बसमध्ये सगळे थंडीचंच बोलत होते. ड्रायव्हर म्हणाला, डिझेल गोठतंय, वाटेत बंद पडली तर मला बोलू नका. बंद पडली. आम्ही उतरून ढकलली.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. आई आणि ओयदिन खड्ड्यात होत्या. लोखंडी पिंपाला भोकं पाडून शेगडी केली होती, त्यात पराट्या जळत होत्या. कपाशीच्या पराट्या, त्या काय, भडकतात आणि संपतात. गवत जाळल्यासारखं. आत सगळा धूर. ओयदिनचं तोंड काळं, डोळ्यांतून पाणी, एका हातानं पराट्या मोडून घालतेय, दुसऱ्या हातानं खोकला दाबतेय. गुडघ्यानं मोडायची ती. सलवार गुडघ्यावर फाटली होती. कोळसा गफूर आकाकडून एक पोतं उसना आणला होता. तो म्हणाला होता, "यापेक्षा जास्त मागू नका, घरात सून बाळंत आहे."

"काय झालं?" आईनं विचारलं.

"साहेब सुट्टीवर आहे."

तिनं मान हलवली. जणू साहेब सुट्टीवर असणारच.

घरातल्या रजया, चटया, जुने कोट, वडिलांची मेंढीच्या कातड्याची टोपी सुद्धा, सगळं आम्ही झाडांवर घातलं. निम्मी झाडं झाकली. निम्मी उघडी. लिंबाचं झाड नवऱ्या मुलीसारखं असतं, सारखं झाकावं लागतं, असं वडील म्हणायचे. आता झाकायला काही उरलं नव्हतं.

"त्यांच्या खोलीत आपल्या पाच रजया आहेत," ओयदिन म्हणाली. "तुमच्या लग्नातल्या. तुमच्या धाकटीला दिलेल्या."

आईनं मूठभर पराट्या शेगडीत घातल्या.

"ओयी, झाडं मरतील. उद्या सकाळी मरतील."

आई पिंपाच्या शेगडीजवळ बसली होती. तिच्या पापण्यांना राख लागली होती. तिनं ती हातानं पुसली. मग उठली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "पहार आण."

कोयंडा एका झटक्यात निघाला. इतका सहज, की मला स्वतःचाच राग आला. दार मी ढकललं, पण आईच आधी आत गेली.

खोली गार पडत आली होती, पण आत अजून शिळी ऊब होती. भिंतीजवळ रजया. पाचही, घडी घालून, काठाला काठ. त्यांचं स्वतःचं सामान काही नाही. एक पातेलं नाही, खिळा नाही. कोपऱ्यात हीटर, सापारनं घरी केलेला, नळीवर तार गुंडाळलेला. त्याच्यासमोर दोरी आणि दोरीवर बाळाची लंगोटं आणि एक इवलंसं झबलं. वाळून कडक, पापडासारखी. निघायच्या गडबडीत दोरीवर राहिलेली. वाळत घातली होती, म्हणून हीटर. तेवढंच. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं.

"बघा," मी म्हटलं, "कपडे राहिलेत बाळाचे. विसरली बिचारी."

आई कपड्यांकडं बघत नव्हती. ती जमिनीकडं बघत होती.

जमीन झाडलेली होती. कोपरे सुद्धा. मातीवर झाडूच्या ओळी अजून दिसत होत्या, दारापासून आतपर्यंत नाही, आतून दारापर्यंत. मागं मागं सरकत, आपल्याच पावलांवरून झाडत बाहेर पडलेली बाई. झाडू दाराआड उभा.

आम्ही तिच्या मागं अंगण झाडलं नव्हतं. तिनं स्वतःची वाट स्वतःच झाडून पुसली होती.

आई उंबऱ्यात खाली बसली. ओयदिननं तोंड उघडलं, मग मिटलं. पहिल्यांदाच.

"चावायची तरी नाही," आई म्हणाली. "नवऱ्यानं नाही चावली. तिनं कशाला चावली?"

"तुम्ही तोंडापुढं धरली होती, ओयी," ओयदिन हळू म्हणाली. "काय करेल ती?"

आई उठली. रजया उचलायला गेली. पाचही एकदम उचलल्या, मला हात लावू दिला नाही. तिच्या डोक्यावरून वर गेला होता तो ढीग, समोरचं दिसत नव्हतं. अंगणात बर्फावर घसरत, सावरत, ती खड्ड्यापर्यंत गेली. मी शिडी धरली.

ती रात्र सांगण्यासारखी नाही. पराट्या संपल्या. मग आम्ही उभी केलेली खाट तोडून जाळली.

सकाळी सगळं शांत होतं. कागदाला आतून बर्फाची फुलं धरलेली, सुंदर, काचेवर काढल्यासारखी. मी कडेच्या झाडावरची रजई काढली. पानं हिरवीच होती. मला एकदम बरं वाटलं. मग मी पान हातात घेतलं तर ते काचेसारखं वाजलं. ओयदिन माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "हिरवी आहेत." ती म्हणाली, "हो."

दुपारी ऊन पडलं आणि पानं विरघळली. उकडलेल्या पालकासारखी लोंबली. दोन दिवसांत काळी. फळं हातात घेतली की आत पाणी. आम्ही ती टोपल्यांनी बाहेर ओढली. ओढताना आईनं एक फळ फोडून चाखलं, थुंकलं, दुसरं फोडलं, थुंकलं. प्रत्येक झाडाचं एक. मी म्हटलं कशाला, तर म्हणाली, "एखादं असेल."

नव्हतं.

वसंतात साहेब सुट्टीवरून आले. मीटर माझ्या नावावर झालं. हप्ते बांधून मिळाले. हामिदुल्ला तार जोडायला आला, चहा पण न घेता गेला. लाईट आली. हीटर लावावा असं खड्ड्यात काही उरलं नव्हतं. मी करवतीनं झाडं बुंध्यापर्यंत कापली. लिंबाचं लाकूड पिवळं असतं, कापताना गोड वास येतो. ओयदिननं त्या काटक्यांवर पुलाव शिजवला. कुणाला जेवण गेलं नाही. ती म्हणाली, "खा की. एवढं महाग सरपण परत मिळायचं नाही."

हप्ते आले की ते भरायला माणूस लागतो. गफूर आकाचा पुतण्या पोरं रशियात नेतो, सिमेंटच्या कामावर. त्यानं माझं नाव घातलं. आईला मी सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत. "तुझ्या बापाची कंबर बघितली होतीस ना," एवढंच म्हणाली.

निघायच्या सकाळी मी गादी गुंडाळली, कपडे पिशवीत भरले आणि खाली दोऱ्या, कागद पडले होते म्हणून झाडू घेतला. दोन फटकारे मारले असतील. आई दारात आली ती ओरडतच.

"टाक तो! टाक हातातला!"

तिनं झाडू ओढून घेतला. गुंडाळलेली गादी पायानं उलगडली, अर्धवट, वाकडीतिकडी. "असू दे घाण. पेला पण धुवू नकोस."

पेला मी तसाच ठेवला, तळाशी चहा ठेवून.

रोटी घेऊन ती स्वयंपाकघरात उभी राहिली. खुंटीवर गुलजानची रोटी होतीच. कडेला लहानसा चावा, वर धुराची काजळी, धूळ.

"ती काढा आता," ओयदिन म्हणाली. "मुंगी पण जात नाही तिच्याकडं."

"मी काय म्हणून काढू? माझी आहे का ती?"

"कुणाचीच नाही. ती यायची नाही, ओयी. तुम्ही पण बघितलंत."

"बघितलं." आईनं बत्ता घेतला, गोठ्यातला एक गंजका खिळा घेतला आणि त्या खुंटीशेजारी भिंतीत ठोकायला लागली. माती भुसभुशीत, खिळा हलत होता. तिनं कापडाची चिंधी कोंबली, परत ठोकला. मग रोटी माझ्या तोंडापुढं धरली. गरम होती. वाफ डोळ्यांत गेली.

मी बघत राहिलो. वडील किती वर्षांनी आले, कसे आले, ते आठवत होतो. गफूर आकाचा थोरला रशियात गेलाय, त्याला किती वर्षं झाली. बाहेर गाडी हॉर्न मारत होती.

"काय आका," ओयदिन म्हणाली. ती हसत होती आणि तिची हनुवटी थरथरत होती. "दाढ दुखतेय?"

मी चावली. मोठा घास घेतला. आई म्हणाली, "हळू, जीभ भाजेल," आणि रोटी त्या हलत्या खिळ्याला टांगली.

घास गिळला नाही. गाडीत बसलो तरी तोंडातच होता. कालव्याच्या पुलावर वळण आहे, तिथून आमचं अंगण वरून दिसतं. आई तंदुराजवळ पालथ्या बादलीवर बसली होती. मांडीवर झाडू आडवा, दोन्ही हात त्याच्यावर घट्ट. ओयदिन समोर उभी राहून काहीतरी सांगत होती, बहुतेक झाडू मागत होती, आणि आई मान हलवत होती. नाही. नाही.